सिमेंट माझ्याकडे होतं

गेले नऊ दिवस माझ्या तोंडात, उजवीकडे खाली, एक कच्ची कॅप आहे. कॉलेज रोडच्या त्या चकचकीत दवाखान्यातली डॉक्टर माझ्या धाकट्या लेकीहूनही लहान असेल. तिनं पिस्तुलासारख्या यंत्रातून पांढरी पेस्ट सोडली, साच्यात भरली, माझ्या घासलेल्या दातावर दाबली आणि मोबाइलकडे बघत दोन मिनिटं उभी राहिली. ना वास, ना चटका. मी आ वासून पडल्या पडल्या मनातल्या मनात ओरडत होते, अगं, आता उचल, नाहीतर अडकेल. तिनं वेळेवर उचलली. घरी येऊन जिभेनं चाचपलं तर एका बाजूला कड टोचत होती आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. या वयातही दुसरीच्या हातची कॅप टोचली की मला बरं वाटतं. हे खूळ माझ्यात कुठून शिरलं, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

आमचं घर नाशिकरोडला, एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या दोन खोल्यांत भाऊंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दातांचा दवाखाना आणि मागं आम्ही. मधे एक दार होतं, पण ते नावाला. दवाखान्यात मशीन घुरघुरायला लागलं की स्वयंपाकघरात आईचा आवाज आपोआप चढायचा, आणि मशीन अचानक थांबलं की तिचं शेवटचं वाक्य पेशंटपर्यंत जायचं. कितीतरी लोकांना आमच्याकडे आज कोणती भाजी आहे हे तोंडात कापूस असताना कळलेलं आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची शिफ्ट सुटली की तिकडची माणसं सायकली भिंतीला लावून बाकावर बसायची. घराला दोन वास होते. एक ज्या पातळ औषधात दाताची पावडर कालवायची त्याचा, नाकात शिरून डोळ्यात पाणी आणणारा. दुसरा लवंगेच्या तेलाचा. तो आमच्या उशांनासुद्धा यायचा. आई मसालेभातात लवंग घालायचीच नाही. म्हणायची, दिवसभर हुंगतेय तेवढी पुरे झाली. मला मात्र तो वास आवडायचा, कारण ते तेल माझ्या ताब्यात असे.

कॅप म्हणजे काय हे आता सगळ्यांना ठाऊक असतं. किडलेला किंवा तुटलेला दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचा आणि त्याच्यावर नवा दात टोपीसारखा बसवायचा. पण ती पक्की टोपी मुंबईहून बनून यायला पंधरा दिवस लागायचे. तोवर तो घासलेला खुंट उघडा ठेवला तर पाण्याच्या घोटाला माणूस किंचाळतो. म्हणून तेवढ्यापुरती एक कच्ची कॅप तिथल्या तिथं बनवायची. छोट्या काचेच्या वाटीत पावडर आणि ते उग्र औषध. आधी ओल्या रेतीसारखं दिसतं, मग तार सुटते, मग कणकेसारखा गोळा होतो. तो गोळा साच्यात घालून दातावर दाबायचा आणि तापायला लागला की लगेच काढायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा काढायचा. सगळी गंमत त्या काढण्याघालण्यात. लवकर काढली तर वाकडी होते, उशीर झाला तर दाताला मिठी मारून बसते. मी अठरा वर्षांची असताना भाऊंनी पहिल्यांदा मला ते करू दिलं. खुर्चीत वीज केंद्रातले एक शांत गृहस्थ होते. मी त्यांच्याकडे न बघता भाऊ माझ्याकडे बघतायत का ते बघत राहिले, आणि गोळा जागच्या जागी दगड झाला. भाऊंनी अर्धा तास खपून तो मशीननं कापून काढला. ते गृहस्थ तोंड पुसत एवढंच म्हणाले, "बाई, दात माझ्याकडंच राहू द्या." भाऊ हसले. मीही हसले. त्यानंतर दोन वर्षं भाऊंनी मला गोळ्याला हात लावू दिला नाही. मला काम मिळालं सिमेंटचं: काचेच्या पाटीवर पांढरी पावडर आणि लवंगेचं तेल चपट्या पात्यानं घोटायचं आणि कॅप बसवायच्या वेळी हातात द्यायचं. ते मी चांगलं करायचे. पण खुर्चीच्या उजव्या बाजूला, भाऊंच्या कोपराला कोपर लागेल असं एक लोखंडी स्टूल होतं, ते रिकामं असे. आज ना उद्या भाऊ म्हणतील, बेबी, बस इथं. मी वाट बघत होते.

तेवढ्यात यमुना आली. भाऊंच्या बहिणीची मुलगी, वणीजवळच्या खेड्यातली, माझ्याहून वर्षानं लहान. माझी आत्या गेली होती, वर्षाच्या आत तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि भाऊ एक दिवस जाऊन तिला घेऊन आले. एक पत्र्याची पेटी आणि कापडात बांधलेले दोन द्राक्षाचे घड, एवढं सामान. दहावीचं गणित राहिलं होतं ते इथून सोडवायचं, असं ठरलं. मला ती आल्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट मी तिला माझा जुना पंजाबी ड्रेस दिला आणि तो तिला माझ्याहून चांगला दिसला तेव्हा फक्त थोडं खटकलं.

सुरुवातीला ती दवाखान्यात झाडलोट करायची, टॉवेल धुवायची. एकदा भाऊ कॅपचा गोळा दातावर दाबून उभे असताना बाहेर बाकावर एका म्हाताऱ्याला चक्कर आली. भाऊ धावले. मी त्यांच्या मागं धावले. परत येतो तो यमुना खुर्चीशी उभी, कॅप तिच्या दोन बोटांत, आणि ती पेशंटला म्हणतेय, "काका, अजून एकदा आ करा, लय गरम नाय ना लागलं?" भाऊंनी कॅप हातात घेतली, उजेडाकडं धरली, आतून बाहेरून फिरवली. "कुणी शिकवलं?" "शिकवलं कोणी नाय मामा. तुम्ही करता ते बघत व्हते. द्राक्षाचं कलम बांधताना असंच असतं, वेळ चुकली का गेलं." दुसऱ्या दिवशी भाऊंनी पायानं ते लोखंडी स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाले, "यमुने, बस इथं." किती सहज म्हणाले. मी हातातली पाटी पुसत होते. ती मी बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते आठवलं की मला आता हसू येतं, पण तेव्हा जेवायला बसणंसुद्धा नको वाटायचं. जेवताना भाऊ भाजीत मीठ आहे की नाही हे न बघता तिच्या हातांबद्दल बोलायचे. "हिच्या बोटांना डोळे आहेत गं," ते आईला म्हणायचे. आई "हो का," म्हणून मला जास्तीची पोळी वाढायची. यमुना खाली मान घालून जेवायची, आणि मला वाटायचं, बघा कशी साळसूद. ती हळू बोलली तर मला वाटायचं नाटक आहे. मोठ्यानं हसली तर वाटायचं शेफारली. तिची कॅप कधी जराशी उंच व्हायची, पेशंट उंची तपासायचा निळा कागद चावून म्हणायचा इथं लागतंय, तो दिवस माझा सणाचा. असे दिवस फार कमी आले. माझे डोळे दिवसभर तिच्या हातांवर असत. ती कॅप घासताना करंगळी पेशंटच्या हनुवटीला टेकवते, दर दोन फेऱ्यांनी फुंकर मारते, शेवटी स्वतःच्या जिभेच्या टोकानं कड तपासते. भाऊ तिला त्यावरून ओरडायचे आणि ती कॅप धुऊन पुन्हा तेच करायची. मी रात्री उशीवर पडून बोटं तशीच हलवून पाहायचे. माझी करंगळी लांब आहे, ती भलतीकडेच जायची.

मग पिंपळगाव बसवंतची ती मुलगी आली. वडील द्राक्षांचे व्यापारी, मोठं कोल्ड स्टोरेज, घरात माणसंच माणसं. मोपेडवरून पडून तिचा समोरचा दात अर्धा तुटला होता आणि येत्या रविवारी साखरपुडा. वडील टोपी हातात धरून भाऊंना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगी पाहुण्यांपुढं हसली पाहिजे. लय नाय, उलीशी तरी." मुलगी तोंडावर पदर धरून रडत होती. पक्की कॅप रविवारपर्यंत येणं शक्यच नव्हतं. सगळं कच्चीवर होतं. भाऊंनी मापाचा प्लॅस्टरचा साचा यमुनेसमोर ठेवला आणि तुटलेल्या दाताच्या जागी मेणाचा दात कोरायला सांगितलं. त्या मेणावरून मग कॅप ओतायची. ती दुपारभर बसली. शेजारचा दात किंचित तिरपा होता, टोकाला एक बारीकशी खाच होती. हिनं मेणाचा दातही तितकाच तिरका केला, तशीच खाच पाडली. मी म्हटलं, "सरळच कर की, चांगला दिसेल." ती वर न बघता म्हणाली, "चांगला दिसून काय उपयोग? तिचा दिसला पाहिजे." भाऊंनी हे ऐकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी त्यांची मुलगी आहे. त्यांनी तसा चष्मा पुसला की त्याचा अर्थ काय, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्यासाठी त्यांनी तो कधी पुसला नव्हता.

शुक्रवारी कॅप बसवायची होती. यमुनेनं ती दातावर घालून दाखवली आणि मुलीनं आरशात पाहिलं. आधी नुसतीच बघत राहिली, मग हसली, मग वडिलांकडे वळून हसली. त्या जाड मिशीवाल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते यमुनेच्या पाया पडायलाच निघाले होते, भाऊंनी दंड धरून थांबवलं. मी कोपऱ्यात पाटीवर सिमेंट घोटत होते. सिमेंट चक्क्यासारखं घट्ट हवं. पावडर थोडी थोडी ओढत जायची, हात दुखेपर्यंत. मी निम्मी पावडर ओढली आणि थांबले. ते पाटीवर पसरत होतं, पात्यावरून ओघळत होतं. मला सगळं माहीत होतं. असलं पातळ सिमेंट दोन दिवसांत लाळेनं धुऊन जातं आणि कॅप सुटते. रविवारी सुटेल, पाहुण्यांपुढं सुटेल, आणि ती यमुनेची कॅप असेल. इतका सरळ विचार मी केला. भाऊ एरवी पातं उचलून तार बघायचे, पण त्या वेळी ते मुलीच्या वडिलांशी बोलत होते. मान न वळवता त्यांनी हात मागं केला. "झालं, बेबी?" "झालं," मी म्हटलं. हा एक शब्द मी आजवर चाळीसएक वर्षं वाहते आहे.

रविवारी त्यांनी आम्हाला न्यायला जीप पाठवली. आई म्हणाली, "यमुने, तू घर सांभाळ, कुणी पेशंट आला तर असावं माणूस." मला ते अगदी रास्त वाटलं. पिंपळगावला मांडव, जिलेबीच्या कढया, कांद्याच्या गोण्या सरकवून केलेली पंगतीची जागा. मी मुलीच्या अगदी समोर जागा धरली. भाऊ जेवत होते, आई बायकांशी बोलत होती आणि मी एका दाताकडे बघत होते. सासूनं पेढा भरवला. मुलीनं तो समोरच्या दातांनी तोडला. कॅप राहिली. मग नणंदा आल्या, चिवट हलव्याची वडी घेऊन. अख्खी वडी एका घासात तोड म्हणून सगळ्या ओरडायला लागल्या. मुलीनं लाजत लाजत ती चावली. वडी ताणली गेली, सुटेना. सगळे हसायला लागले. एकाच वेळी मला वाटत होतं, पडू दे, आणि वाटत होतं, देवा, पडू नको. वडी तुटली. मुलगी खदखदा हसली, दात तिथंच, तिरका, खाचेसकट. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटलं, यमुना जिंकली, घरी झाडू मारत बसून जिंकली. मी ताटातली जिलेबी तशीच टाकून हात धुतले.

पंधरा दिवसांनी पक्की कॅप आली. भाऊंनी कच्चीला नुसता चिमटा लावला, तर ती अलगद त्यांच्या बोटांत आली. त्यांनी आत पाहिलं. आत स्वच्छ होतं, कडेला थोडी पांढरी रेघ, बाकी सिमेंटचा पत्ता नाही. पंधरा दिवस ती नुसत्या मापावर बसून राहिली होती. भाऊंनी नवी बसवली, त्या वेळचं सिमेंट स्वतः घोटलं, मुलीला हसत निरोप दिला. मग दार लावून घेतलं. "सिमेंट कुणी कालवलं होतं?" मी माझ्या चपलेचे अंगठे बघत होते. भाऊंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "झोपेत सुटून श्वासनळीत गेली असती तर? पोरगी गेली असती! साखरपुड्याच्या घरातून तिरडी निघाली असती!" स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला. मी तोंड उघडणार, निदान आता मला तसं वाटतं की मी उघडणार होते, तेवढ्यात यमुना म्हणाली, "मामा, मी कालवलं. बेबीताई आत गेली व्हती तवा. घाईत पातळ झालं, ताईनं नुसतं तुमच्या हातात दिलं." भाऊ तिच्याकडे वळले. "मी सांगेपर्यंत खुर्चीजवळ यायचं नाही," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "बेबी, स्टुलावर बस."

मी आठ दिवस त्या स्टुलावर बसले. ज्याच्यासाठी जीव टाकत होते ते मिळालं होतं. भाऊंनी मला एक कॅप करायला दिली. मी वेळेवर काढली, तरी ती सैल झाली. भाऊंनी ती दुरुस्त केली. त्यांनी ती पिंपळगावची कच्ची कॅप ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. भेटायला आलेल्या एका डॉक्टर मित्राला ती दाखवत म्हणाले, "सिमेंटशिवाय पंधरा दिवस. पोरीला शिक्षा केलीय, पण हात बघ." म्हणजे शिक्षेतसुद्धा तिचंच कौतुक. आणि ती? मागच्या दारी टॉवेल धूत होती, गुणगुणत होती, माझ्याशी नेहमीसारखं बोलत होती. हात तिचा चांगला होताच, आता मनही तिचंच मोठं निघालं. मी तिच्यापुढं कायमची छोटी झाले होते आणि ते कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. मला ते सोसेना. पश्चात्तापानं मी बोलले असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं आहे. खरं इतकंच की तिचा मोठेपणा मला तिच्याकडून काढून घ्यायचा होता.

सकाळचा चहा पिताना मी भाऊंना म्हटलं, "सिमेंट मीच कालवलं होतं. पातळ. मुद्दाम." भाऊंनी कप खाली ठेवला. "मुद्दाम?" "हो." आई ओट्यापाशी वळली. भाऊ म्हणाले, "गोळा अडकला होता तेव्हा मी हसलो, बेबी. चूक होती ती. ही चूक नाही." ते उठून दवाखान्यात गेले. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. आईनं रिकामे कप उचलले आणि मोरीकडे तोंड करून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परक्याची पोर घरात आणली की असंच व्हायचं."

यमुना मागच्या दारी टॉवेल पिळत होती. तिनं ते ऐकलं होतं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझा हात धरेल. तिनं टॉवेल दगडावर आपटला. "तुला कोणी सांगितलं व्हतं बोलायला?" मी चक्रावले. म्हटलं, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस. एवढा मोठेपणा..."

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "मी माझ्यासाठी बोलले, बेबीताई. सिमेंट पातळ हाय हे मला त्याच दिवशी दिसलं व्हतं. काचेवरून वाहत व्हतं. पण बोलू कोणाला? घरच्या लेकीचं नाव घेऊ? त्या रविवारी तुम्ही जेवायला गेलात, मी इथं देवापुढं बसून राहिले, ती पोरगी नीट राहू दे म्हणून. तुझ्यावर आलं असतं तर मामा आठ दिवस रुसले असते, मग परत बोलले असते. पण माझ्यापायी तुला बोलणी बसली, असं मामीच्या मनात आलं, तर मी कुठं जाऊ? बापाच्या घरी माझ्या जागेवर आता नव्या आईची पोरं झोपतात." तिनं पुढचा टॉवेल घेतला, तो उगाच उलटा सुलटा केला. "दीड वर्ष झालं. दुसरी भाकरी घ्यायच्या आधी मी मामीच्या तोंडाकडं बघते. हसरं असलं तर घेते. नसलं तर पोट भरलं म्हणते. तुला दिसलं का कधी?"

मला दिसलं नव्हतं. दीड वर्ष मी तिच्यावरून नजर काढली नव्हती आणि तिचं ताट मी एकदाही पाहिलं नव्हतं. दवाखान्यातून भाऊंची हाक आली, "यमुने, पेशंट आलाय, ये." तिनं ओले हात ओढणीला पुसले आणि गेली. जाताना आईसमोरून अंग चोरून गेली. मी पहिल्यांदाच तिच्याकडे हेव्याशिवाय बघत होते, आणि मला फार वेळ बघता आलं नाही.